बेल वाजल्यावर कढई नको

प्रश्न: पुढच्या शनिवारी आमच्याकडे १२ जण जेवायला आहेत. ह्यांच्या ऑफिसातले चौघे सपत्नीक, आणि आम्ही घरचे चौघे. सगळे शाकाहारी, त्यातलं एक जोडपं जैन आहे. स्टार्टर सोपे हवेत, पण लोकांनी नाव काढलं पाहिजे. मी यादी केली आहे: हराभरा कबाब, चीज बॉल, स्प्रिंग रोल, पनीर चिली, व्हेज मंचुरियन, कॉर्न कटलेट. मागच्या वेळी असाच बेत केला होता. पाहुणे हॉलमध्ये आणि मी पाऊण तास कढईपाशी. शेवटचा घाणा बाहेर नेला तेव्हा पहिला मऊ पडला होता, आणि जेवणाच्या वेळी कुणाला भूकच नव्हती. जेवणात पनीर बटर मसाला, कोशिंबीर, पोळ्या, पुलाव आणि श्रीखंड आहे. तीन शेगड्यांचा गॅस आहे, मायक्रोवेव्ह आहे, ओव्हन नाही. यादीत काय बदलू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नमस्कार. यादीतला प्रत्येक पदार्थ एकेकटा चांगला आहे. अडचण अशी की सहापैकी सहाही तेलातले आहेत, आणि सहाही पाहुणे आल्यावरच करायचे आहेत. घरच्या कढईत एका वेळी आठ-दहा नगांपेक्षा जास्त सोडले की तेल थंड होतं, मग नग तेल पितात. म्हणून घाणे वाढतात. ७० नग म्हणजे सात-आठ घाणे, प्रत्येकाला पाच-सहा मिनिटं. मागच्या वेळचा पाऊण तास इथेच गेला. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

म्हणून स्टार्टर निवडताना 'करायला किती सोपा' हे विचारू नका, 'बेल वाजल्यावर माझी किती मिनिटं खाणार' हे विचारा. सुरळीच्या वडीला दुपारी तास लागेल, पण संध्याकाळी तिला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. चीज बॉलचं सारण दहा मिनिटांत होतं आणि संध्याकाळ खाऊन टाकतं.

आता हिशोब. स्टार्टरनंतर तासाभरात पूर्ण जेवण असेल तर माणशी पाच ते सहा घास पुरतात. १२ जणांना साधारण ७०. सहा पदार्थ केले की प्रत्येक जण प्रत्येकाची चव बघतो, आणि माणशी १२ घास होतात. भूक तिथेच मरते. तीनच पदार्थ करा: एक गार, एक साध्या तापमानाला खायचा आणि एकच गरम. गरम पदार्थ कढईत नको, तव्यावर करा.

आमची निवड अशी: चक्क्याचा फोडणी घातलेला डिप, सुरळीची वडी आणि ठेचा पनीर. पनीर इथे आलं म्हणून जेवणातून पनीर बटर मसाला काढा. एकाच संध्याकाळी दोनदा पनीर बरं दिसत नाही. त्या जागी भरली वांगी किंवा काजूची उसळ करा. दोन्ही सकाळी करून ठेवता येतात आणि गरम केल्यावर जास्त मुरतात. चक्का आणि श्रीखंड ही द्विरुक्ती मात्र चालून जाईल, कारण एक तिखट-खारट, एक गोड, आणि मध्ये अख्खं जेवण आहे. तरी खटकत असेल तर गोडाला गुलाबजाम आणा.

जैन जोडप्याबद्दल आधी सांगतो, कारण त्यावर सगळी मापं बदलतात. कांदा-लसूण तर नाहीच, पण जमिनीखाली येतं म्हणून आलं, बटाटा, गाजर, बीट हेही बरेच जण खात नाहीत. वाळवलेली हळद आणि सुंठ बहुतेक घरांत चालते. एक फोन करून विचारून घ्या, त्यात संकोच नको. विचारल्याचं त्यांना बरंच वाटेल. खाली दिलेल्या तीनपैकी दोन पदार्थांत लसूण-आलं नाहीच, तिसऱ्यात वेगळा वाटा काढायचा आहे.

सुरळीची वडी

नाव निघेल ते हिच्यामुळे. पातळ, चकचकीत, एकसारख्या गुंडाळ्या आणि वर मोहरी-तिळाची फोडणी. बघणाऱ्याला वाटतं फार कौशल्याचं काम आहे. खरं कौशल्य एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे गॅस बंद कधी करायचा.

वाटी २०० मिलीची धरा. १ वाटी चाळलेलं बेसन, १ वाटी आंबट ताक, २ वाट्या पाणी. पाव चमचा हळद, दोन चिमूट हिंग, पाऊण चमचा मीठ आणि तीन हिरव्या मिरच्यांचं अगदी बारीक वाटण. मिरचीचा जाड तुकडा राहिला तर पसरताना तिथेच थर फाटतो. ताकात आधी बेसन कालवा, गुठळी मोडली की मगच पाणी घाला. उलट केलंत तर गुठळ्या पाण्यात तरंगत राहतात आणि मोडत नाहीत. शेवटी सगळं गाळणीतून गाळून घ्या.

गॅसवर चढवण्याआधी पसरायची जागा तयार हवी. एवढ्या पिठाला चार-पाच मोठ्या ताटांच्या उलट्या बाजू लागतात. नाहीतर स्वच्छ धुऊन कोरडा पुसलेला ग्रॅनाइटचा ओटा. तेलाचा हात लावू नका. तेलावर पीठ घसरतं, वाटीबरोबर पुढे सरकतं आणि पातळ पसरत नाही. पीठ नीट शिजलं असेल तर कोरड्या ताटावरूनही वडी आपोआप सुटते, आणि शिजलं नसेल तर तेल लावूनही सुटत नाही.

जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळायला लागा. पहिली तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही, तेव्हा कंटाळून हात थांबवला की बुडाशी थर धरतो. मग एकाएकी घट्ट व्हायला लागतं. त्या क्षणी आच मंद करा. गुठळी दिसली तर कढई खाली उतरवून रवी किंवा व्हिस्कने जोरात घोटा, ती मोडते. एकूण आठ ते दहा मिनिटांत कच्च्या बेसनाचा वास जातो, पिठाला चकाकी येते आणि उलथनं उचललं की पीठ तुटक न पडता रिबिनीसारखं सलग खाली येतं.

आता परीक्षा. अर्धा चमचा पीठ ताटावर पातळ फासा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. नखाने कड उचला. सालीसारखी सलग निघाली तर गॅस बंद. चिकटली, बोटाला लागली तर आणखी एक मिनिट ढवळा आणि परत बघा. ही परीक्षा दोनदा-तीनदा करावी लागली तरी करा. एकदाही न करता अंदाजाने उतरवलं की हमखास फसतं. जास्त शिजलं तर उलटा त्रास: पीठ ताटावर पसरण्याआधीच कढईत घट्ट होतं आणि वाटीखाली गोळे होतात. तसं व्हायला लागलं तर दोन चमचे गरम पाणी घालून घोटा. गार पाणी घालू नका, त्याने पुन्हा गुठळ्या होतात.

पसरायला तुमच्या हाती फार तर तीन मिनिटं आहेत. कढई गरम पाणी भरलेल्या परातीत ठेवली तर पीठ थोडा जास्त वेळ सैल राहतं. एकेका ताटावर डावभर पीठ घ्या आणि वाटीच्या तळाने मधून बाहेर, एकाच दिशेने ओढा. थर इतका पातळ हवा की खालचं स्टील पुसट चमकावं. एकाच जागी परत परत वाटी फिरवू नका; वरचा पापुद्रा धरलेला असतो, तो चुरगळतो. घरात दुसरं कुणी असेल तर एकाने ओतावं, दुसऱ्याने पसरावं. दुप्पट माप एकाच कढईत करायचा मोह टाळा. अर्ध्या पिठाची पसरायची पाळी येईपर्यंत उरलेलं घट्ट झालेलं असतं. जास्त हवं असेल तर दोनदा करा.

पाच मिनिटांनी चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि अलगद गुंडाळा. ताट गोल असल्याने कडेच्या पट्ट्या आखूड निघतात, त्यांच्या वड्या बारीक होतात. त्या घरच्यांसाठी. पाहुण्यांच्या ताटात एकाच जाडीच्या वड्या गेल्या की पदार्थ दुकानातून आणल्यासारखा नेटका दिसतो. या मापात २५ ते ३० वड्या होतात. सारणाचं ओलं खोबरं आत भरण्याची पद्धत आहे, पण तुम्ही दुपारी करून ठेवणार आहात आणि ओलं खोबरं उन्हाळी हवेत लवकर आंबतं. म्हणून आत फक्त बारीक चिरलेली कोथिंबीर शिंपडा, खोबरं वाढताना वरून.

वड्या दुपारी चारच्या सुमाराला करा. हवाबंद डब्यात एका थरात रचा, वर ओलसर पिळलेलं मलमलचं फडकं, मग झाकण, आणि फ्रिज. फडकं नसलं तर फ्रिजच्या कोरड्या हवेने कडा तडकतात. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. फोडणीला दोन मोठे चमचे तेल, एक चमचा मोहरी, एक चमचा तीळ, हिंग, कढीपत्ता. तीळ मोहरी तडतडल्यावर घाला आणि लगेच गॅस बंद करा, नाहीतर ते उडतात आणि करपतात. फोडणी मिनिटभर निवू द्या, मग चमच्याने ओळीने घाला.

कुकरची युक्तीही आहे. ज्यांना ढवळत उभं राहणं नको त्यांनी तेच मिश्रण कुकरच्या भांड्यात घालून, वर झाकण ठेवून तीन शिट्ट्या कराव्यात. वाफ जिरली की लगेच भांडं बाहेर काढून व्हिस्कने दोन मिनिटं घोटायचं. वर पाणी आणि खाली गोळा असं दिसतं, घाबरू नका, ते मिळून येतं. परीक्षा मात्र तीच. चिकटलं तर कढईत घालून दोन मिनिटं परतवायचं. ही पद्धत शनिवारी पहिल्यांदा करू नका. आधी बुधवारी अर्ध्या मापाने करून बघा.

आणि बुधवारी फसलीच तर

मग सुरळी सोडा आणि कोथिंबीर वडी करा. दोन्ही एकत्र नकोत, दोन्ही बेसनाच्या. कोथिंबीर वडी तुमच्या यादीतल्या सगळ्या तळणीपेक्षा परवडते, कारण तिचं मुख्य काम, म्हणजे वाफवणं, आदल्या दिवशी उरकतं.

दोन मोठ्या जुड्या, निवडून, धुऊन, पंख्याखाली पंचावर पसरून पूर्ण कोरड्या केलेल्या. इथे घाई केली की पीठ सैल होतं, मग आणखी बेसन घालावं लागतं आणि वडी कोथिंबिरीची न राहता बेसनाची होते. दाबून भरलेल्या तीन वाट्या चिरलेल्या कोथिंबिरीला दीड वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, एक चमचा तीळ, एक चमचा धने-जिरे पूड, हळद, हिंग, मिरचीचं वाटण, चमचाभर चिंचेचा कोळ, किंचित गूळ, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. आधी मीठ-मसाला कोथिंबिरीला चोळून दहा मिनिटं ठेवा. तिला पाणी सुटतं, त्यातच निम्मं पीठ भिजतं. वरून पाणी लागलंच तर दोन-तीन चमचे. सोडा घालू नका, वडी हलकी होते खरी, पण तेल पिते.

तेल लावलेल्या थाळीत दीड सेंटिमीटर जाडीने थापा आणि २० मिनिटं वाफवा. झाकणाला फडकं गुंडाळा, नाहीतर झाकणावरचं पाणी वडीवर टपकतं आणि वरचा थर पिचपिचीत होतो. सुरी कोरडी निघाली की झालं. गरम असताना कापू नका. कितीही धारदार सुरी असली तरी चुरा होतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कापा, कडा आरशासारख्या निघतात. शनिवारी दुपारी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी फिकट सोनेरी करून ठेवा, आणि वाढण्याआधी तापलेल्या तव्यावर एकेक मिनिट. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. आतलं पाणी वाफ होऊन कवचात जातं आणि कुरकुरीत वडी मऊ पडते. कुठल्याही तळलेल्या पदार्थाला हेच लागू आहे.

ठेचा पनीर

गरम पदार्थ हा एकच. तव्यावर एका वेळी १५ तुकडे मावतात आणि एका खेपेला सहा-सात मिनिटं पुरतात.

अर्धा किलो पनीर, अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, म्हणजे ३० तुकडे पडतील. फ्रिजमधलं पनीर कडक असतं. कापून कोमट, किंचित मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा, मग पंचावर घेऊन टिपून कोरडं करा. ओलं पनीर तव्यावर भाजलं न जाता उकडतं आणि चिकटतं.

ठेच्याला आठ-दहा मध्यम तिखट हिरव्या मिरच्या, १२ लसूण पाकळ्या, पाव वाटी भाजलेले आणि सोललेले शेंगदाणे, एक चमचा जिरं, मूठभर कोथिंबीर, मीठ. मिरच्या आणि लसूण चमचाभर तेलात तव्यावर डाग पडेपर्यंत परता, मग खलबत्त्यात भरड कुटा. मिक्सरमध्ये करणार असाल तर बटण अर्धा-अर्धा सेकंद दाबून सोडा. एकदम फिरवलं की चटणी होते, आणि ती पनीरवरून घसरून तव्यावर जळते. ठेचा भरडच हवा, दाण्याचे कण दिसले पाहिजेत. जैन वाट्यासाठी लसूण घालण्याआधीच मिरची, दाणे, जिरं, कोथिंबीर कुटून दोन मोठे चमचे ठेचा वेगळा काढा. आधी तो, मग लसणाचा. खलबत्ता मध्ये धुवायला नको. मिरच्याही लसणाच्या आधी परतून घ्या.

बहुतेक जण चुकतात ते इथे: पनीरला ठेचा फासून मग तव्यावर टाकतात. पनीरला सोनेरी रंग येईपर्यंत लसूण करपून कडू होतो आणि दाणे काळे पडतात. क्रम उलटा करा. तवा चांगला तापवा, दोन चमचे तेल, त्यात नुसतं पनीर, मध्ये बोटभर अंतर ठेवून. दीड मिनिट हात लावू नका. सोनेरी झालं की ते स्वतःच सुटतं. आधी ओढलं तर सालपट तव्यालाच राहतं. उलटून आणखी एक मिनिट. मग आच मंद करून ठेचा आणि एक मोठा चमचा साय किंवा घट्ट दही घाला, हलक्या हाताने दोन मिनिटं घोळवा, वरून अर्धं लिंबू. सायीमुळे ठेचा पनीरला धरून राहतो आणि तिखटपणाही बेताचा होतो. ऑफिसातल्या प्रत्येकाला कोल्हापुरी तिखट झेपेलच असं नाही. यापुढे पनीर तव्यावर ठेवू नका. जास्त शिजलं की आतलं पाणी निघून जातं आणि ते रबरासारखं चावावं लागतं.

पहिल्या खेपेला स्वच्छ तव्यावर जैन वाट्याचे सहा तुकडे करा, ते वेगळ्या वाटीत काढा, मग त्याच तव्यावर लसणाचे. बाहेर नेताना वाटी थेट त्या दोघांच्या हाती द्या आणि 'यात लसूण नाही' एवढंच सांगा. सगळ्यांसमोर घोषणा नको.

चक्क्याचा डिप

याला फार सांगण्यासारखं नाही. एक किलो दही शुक्रवारी रात्री मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगा, खाली भांडं. बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट होतं. सकाळी साधारण अर्धा किलो चक्का मिळेल. तो चाळणीतून एकदा दाबून काढा. त्यात पाऊण चमचा मीठ, चमचाभर साखर, चमचाभर भाजलेली जिरेपूड, पुदिन्याची आठ-दहा पानं. वर तेल, मोहरी, कढीपत्ता आणि दोन सुक्या लाल मिरच्यांची फोडणी, पूर्ण गार करून. गरम फोडणी घातली तर चक्का कडेने फाटतो. फार घट्ट वाटला तर चमचाभर दूध.

बरोबर काकडीच्या उभ्या फोडी, ढोबळी मिरचीच्या पट्ट्या, भाजलेल्या पापडाचे तुकडे. पापड उडदाचा चालेल, नाचणीचा मिळाला तर अधिक चांगला, तो जाड असल्याने डिप उचलतो आणि मोडत नाही. गाजर द्यायचं तर वेगळ्या वाटीत. काकडी डिपमध्ये मिसळू नका आणि फोडींना मीठ लावू नका. मिठाने पाणी सुटतं आणि १५ मिनिटांत सगळं पाणीदार होतं. दोन तासांहून जास्त वेळ डिप बाहेर ठेवू नका, उकाडा असेल तर त्याआधीच आत घ्या. दोन लहान वाट्यांत काढा, एक बाहेर, एक फ्रिजमध्ये.

हिरवी चटणी लागेलच, कारण ती नसली की कुणीतरी मागतंच. तिला पाणी सुटू नये म्हणून वाटताना मोठा चमचाभर पंढरपुरी डाळं घाला, आणि पाण्याऐवजी बर्फाचे दोन तुकडे. लिंबू दुपारी पिळू नका. आंबटाने कोथिंबिरीचा हिरवा रंग काही तासांत शेवाळी होतो. वाढायच्या वेळी पिळा. यातही लसूण नको म्हणजे वेगळी वाटी करावी लागणार नाही.

तुमच्या यादीतलं एखादं ठेवायचंच असेल तर

हराभरा कबाब ठेवा, बाकी राहू द्या. तोही पनीर किंवा वडीच्या जागी, चौथा म्हणून नाही. जैन पाहुण्यांना बटाटा चालत नसेल तर तोही कच्च्या केळ्याचा करावा लागेल. तो मोडतो ते पालक आणि मटारच्या पाण्यामुळे, म्हणून पालक उकडल्यावर मुठीत घट्ट पिळा, मटार पंचावर कोरडे करा, केळं किंवा बटाटा गार झाल्यावरच किसा आणि दोन मोठे चमचे कोरडं भाजलेलं बेसन घाला. आकार देऊन तासभर फ्रिजमध्ये, मग तव्यावर.

चीज बॉल का नको, तेही सांगतो. चीज तापून पातळ होतं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि आवरणात कुठेही चीर असली तर तिथून सगळं तेलात येतं. पार्टीच्या दिवशी ही जोखीम कशाला? पनीर चिली आणि मंचुरियन सॉसमध्ये घातल्यावर पाच-सात मिनिटांत मऊ होतात. ते जेवणाबरोबर बरे, आधी नाहीत. स्प्रिंग रोल आणि कॉर्न कटलेट विकत आणूनही तळावेच लागतात.

शनिवारची वेळ

बुधवारी सुरळीचा सराव. शुक्रवारी रात्री दही टांगायचं, दाणे भाजून सोलायचे, पनीर आणायचं, चटणीची कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळायची. शनिवारी सकाळी भाजी किंवा उसळ, डिप मिसळून फ्रिजमध्ये. दुपारी चारला सुरळी, साडेपाचला दोन्ही ठेचे आणि चटणी. सहाला पनीर कापून, भिजवून, टिपून, डब्यात. साडेसहाला पुलावाची तयारी आणि पोळ्या. पोळ्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर दोन तास मऊ राहतात. सातला वड्या फ्रिजबाहेर, फोडणी. त्यानंतर ओटा पुसून टाका आणि तुम्ही कपडे बदलून या.

साडेसातचं बोलावणं म्हणजे पहिलं जोडपं पावणेआठला आणि शेवटचं सव्वाआठला येणार, हे धरूनच चला. आधी आलेल्यांसमोर डिप, पापड आणि विकतची बाकरवडी एका वाडग्यात मांडून ठेवा. त्याला तुमची गरज नाही. आठ-नऊ जण जमले की वड्यांचं ताट फिरवा, खोबरं-कोथिंबीर त्याच वेळी घालून. निम्म्याच वड्या काढा, निम्म्या आत. अर्धं रिकामं ताट दहा मिनिटं टीपॉयवर पडून राहण्यापेक्षा दुसरं भरलेलं आलेलं बरं. ताटात केळीचं पान घाला, तळाशी फोडणीचं तेल साचत नाही आणि वड्या घसरत नाहीत. लहान बशा आणि कागदी रुमाल मोजून १६ ठेवा, १२ नको. कुणीतरी बशी खाली ठेवून विसरतं आणि नवी मागतं. प्रत्येक पनीरच्या तुकड्यात टूथपिक खोचून न्या, आणि काड्या टाकायला एक रिकामी वाटी शेजारी ठेवा. ती नसली की काड्या कुंडीत जातात.

सगळे आल्यावर तवा तापायला ठेवा. पहिली खेप, जैन वाट्यासह, साडेआठला बाहेर. दुसरी खेप लगेच टाकू नका. बाहेर येऊन बसा, १० मिनिटं गप्पा मारा, आणि पहिल्या ताटात दोन-तीन तुकडे उरले असतील तेव्हा उठा. ताट तसंच भरलेलं दिसलं तर पनीर कच्चंच राहू द्या आणि पानं घ्यायला सांगा. उरलेल्या पनीरची रविवारी सकाळी भुर्जी होते.